‘हे’ एक की अनेक? मुलांना दिस, दॅट, दीज, दोज शिकवताना

पाचवीतल्या माझ्या भाच्यानं ‘माय फॅमिली’वर पाच वाक्यं लिहिली होती. पहिलंच वाक्य होतं, ‘दीज आर माय फादर.’ त्याखाली लाल रेघ आली. वही घेऊन तो माझ्याकडं आला, कोड्यात पडलेला. म्हणाला, “मावशी, आपण ‘हे माझे वडील आहेत’ असं म्हणतो ना? ‘आहेत’ म्हणजे ‘आर’. मग चुकलं कुठं?”

प्रश्न अगदी रास्त होता. पोरानं डोकं चालवून लिहिलं होतं. मराठीच्या हिशोबानं त्याचं उत्तर बरोबरच होतं, आणि लाल रेघेनं त्याला ते का चुकलं हे सांगितलं नव्हतं.

शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्यामुळं दिस आणि दॅट हे शब्द आता पोरांच्या कानावर सहाव्या-सातव्या वर्षीच पडतात. तरी सहावी-सातवीच्या वह्यांत ‘दिस बुक्स’, ‘दीज पेन’, ‘दीज इयर’ भेटत राहतं. बऱ्याच वह्या चाळल्यावर माझं एक मत झालं आहे. हे चार शब्द शिकवताना आपण सगळा जोर जवळ आणि लांब यावर देतो, आणि मुलं मात्र अडकतात एक आणि अनेक यावर. जिथं दुखतच नाही तिथं आपण मलम लावतो.

जवळ-लांब मुलांना शिकवावं लागत नाही, कारण ते त्यांच्या तोंडात आधीपासून आहे. मराठीत हाताशी असलेल्याला ‘हा’, पलीकडच्याला ‘तो’. आमच्या अहिराणीत जवळच्याला ‘हाऊ’ आणि ‘हाई’, इथं म्हणजे ‘आठे’, तिथं म्हणजे ‘तठे’. तीन वर्षांचं पोरसुद्धा ‘आठे ये’ आणि ‘तठे जाय’ यांत गल्लत करत नाही. इंग्रजीनंही जगाचे असे दोनच भाग केले आहेत: दिस आणि दीज हाताशी, दॅट आणि दोज पलीकडं. सवय तीच आहे, शब्द तेवढे नवे. हा भाग दोन दिवसांत उरकतो.

आता खरी अडचण. कागद-पेन्सिल घ्या आणि मराठीतले जवळचे शब्द लिहा: हा, ही, हे, ह्या. यातला एकाचा कोणता आणि अनेकांचा कोणता, हे सांगून पाहा.

हा बैल, हे बैल. ही गाय, ह्या गाई. हे झाड, ही झाडं.

पुन्हा एकदा सावकाश वाचा. ‘हे झाड’ म्हटलं तर झाड एक, ‘हे बैल’ म्हटलं तर बैल अनेक, शब्द मात्र तोच. ‘ही गाय’ एक, ‘ही झाडं’ अनेक, इथंही शब्द तोच. ‘ह्या गाई’ अनेक, पण ‘ह्या गावात’ म्हटलं की गाव एकच. म्हणजे चारांपैकी फक्त ‘हा’ एवढाच शब्द नेहमी एकाचाच असतो, आणि नेहमी अनेकांचाच असेल असा तर एकही नाही. लांबच्या शब्दांचीही तीच गत: तो, ती, ते, त्या. ‘ते पुस्तक’ आणि ‘ते आंबे’. ‘ती विहीर’ आणि ‘ती पोरं’.

याचा अर्थ मराठी कच्ची आहे असा मुळीच नाही. मराठीत हा शब्द संख्येसोबत लिंगही सांगतो, म्हणून तो एकटा वाचायचाच नसतो. शेजारचं नाम आणि शेवटचं ‘आहे’ किंवा ‘आहेत’ यांच्यासोबत तो अर्थ पुरा करतो. इंग्रजीत लिंगाची भानगड इथं अजिबात नाही. बैल असो, गाय असो, झाड असो, एक आहे तर दिस, जास्त आहेत तर दीज. मराठीचे आठ शब्द तिथं चारांत बसतात.

म्हणून ‘हे म्हणजे दिस, ही म्हणजे दिस’ असं पाठ करून घेणं मला धोक्याचं वाटतं. पाठांतर झालं की ‘हे आंबे’ पाहून पोर ‘दिस मँगोज’ लिहितं. फळ्यावर ‘दीज म्हणजे ह्या’ असं लिहून दिलं तर ‘ह्या वर्षी’ पाहून ‘दीज इयर’ लिहितं. शब्दाला शब्द जोडला की चूक ठरलेलीच. जोडायचं असेल तर वस्तूला शब्द जोडावा.

इथं खानदेशातल्या मुलांची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत कितीतरी घरांत पुस्तकातली मराठी बोलली जात नाही. कुणाकडं अहिराणी, यावल-रावेरकडं लेवा बोली, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी, भिली. या मुलांना ‘हा-ही-हे’ची पुस्तकी मांडणीच मुळात शाळेत भेटते, आणि तिच्यावरून इंग्रजी शिका म्हटलं की एक परकी गोष्ट दुसऱ्या परक्या गोष्टीनं समजून घ्यायची वेळ येते. आमच्या भागातल्या अहिराणीत ‘त्या पोरे’, ‘त्या लोके’, ‘त्या बाया’ असं म्हणतात. पुरुष, बाया, पोरं, सगळ्या अनेकांसाठी एकच ‘त्या’. नीट पाहिलं तर हे इंग्रजीच्या ‘दोज’शी पुस्तकी मराठीपेक्षा जास्त जुळतं. ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’, ते एकाचं; ‘आहेत’ला ‘शेतस’, ते अनेकांचं. इज आणि आर लगेच कळतात. ज्या घरची भाषा अहिराणी आहे त्या मुलाला मी सरळ अहिराणीतून समजावते, आणि ते पटकन उमजतं. ‘घरची भाषा वर्गात नको’ हा आग्रह मला कधीच पटला नाही.

मग सुरुवात कशी करायची? मी पहिला आठवडा लांबचं काहीच घेत नाही. दॅट नाही, दोज नाही. सगळं हाताशी. केळीची एक फणी आणायची. त्यातलं एक केळ तोडून पोराच्या हातात द्यायचं: ‘दिस इज अ बनाना.’ मग दुसऱ्या हातात तीन केळी: ‘दीज आर बनानाज.’ एक हात, दुसरा हात, पुन्हा पहिला. मराठी वाक्य मध्ये आणायचं नाही. पोरानं केळ पाहावं आणि बोलावं. केळी संपतात तेव्हा धडाही संपतो, आणि त्याला पोरांची हरकत नसते.

मग जरा पेच टाकायचा. पूर्ण फणी उचलून धरायची. हे दिस की दीज? अर्धी पोरं एक ओरडतात, अर्धी दुसरं. दोन्ही खरं असतं. फणी म्हणून मोजली तर एक: ‘दिस इज अ बंच.’ केळी म्हणून मोजली तर अनेक: ‘दीज आर बनानाज.’ बैलजोडीचं तसंच: ‘दिस इज अ पेअर’, पण ‘दीज आर बुलक्स’. आपण कशाचं नाव घेतो आणि त्या नावाची वस्तू किती आहे, एवढंच पाहायचं. मला हा खेळ फार मोलाचा वाटतो, कारण इथं मुलांना पहिल्यांदा जाणवतं की संख्या वस्तूवर जेवढी, तेवढीच आपण तिला कोणतं नाव देतो त्यावर ठरते.

याच टप्प्यावर शेवटचा ‘स’ किंवा ‘ज’ सुटतो, म्हणजे ‘दीज पेन’. हेही मराठीतूनच येतं. आपल्याकडं एक बैल, दोन बैल. एक दगड, चार दगड. एक हात, दोन हात. नाम जागचं हलत नाही. ‘हा’चं ‘हे’ झालं की काम झालं, पुन्हा नामाला शेपूट कशाला, असं मुलाला वाटतं. त्याला सांगायचं की इंग्रजीत ‘दीज’ आला तर नामानंही बदलायचं आणि ‘इज’नंही ‘आर’ व्हायचं. तिघं एका दावणीचे बैल, एक हलला की तिघं हलतात. ‘दीज आर पेन्स.’ अपवाद म्हणून पीपल, चिल्ड्रन, शीप एवढे नंतर सांगितले तरी चालतात.

दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर जायचं. आमच्याकडं उत्तरेला सातपुडा दिसतो, त्यामुळं दोजचं उदाहरण शोधावं लागत नाही: ‘दोज आर हिल्स.’ उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतात. पोर एका टोकाला उभं राहतं, पायाशी बिबडे, समोरच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. पायाशी दीज, कोपऱ्यात दॅट, पलीकडच्या शेतातल्या झाडांना दोज. मग त्यालाच दुसऱ्या टोकाला पाठवायचं. आता टाकी दिस झाली आणि बिबडे दोज झाले. वस्तू तिथंच राहिली, बोलणारा हलला आणि शब्द बदलला. चित्र लावलेल्या तक्त्यावरून हे कळत नाही. तक्त्यात जवळचा आंबा मोठा काढलेला असतो आणि लांबचा छोटा, म्हणून पोरं ‘दिस म्हणजे मोठं, दॅट म्हणजे छोटं’ असं समजून बसलेली मी पाहिली आहेत.

दोन मुलांना समोरासमोर बसवलं की आणखी एक गोष्ट पुढं येते. एकाच्या हातात डबा. समोरचा विचारतो, ‘व्हॉट इज दॅट?’ डबेवाला उत्तर देतो, ‘दॅट इज माय टिफिन.’ प्रश्नात जो शब्द आला तोच त्यानं उचलला. मराठीत हेच पोर कधी चुकत नाही. ‘ते काय आहे रे?’ असं विचारलं तर ‘हा माझा डबा’ असंच म्हणतं. तेव्हा त्याला मराठीत एकदा विचारा, त्याचं त्यालाच उत्तर ऐकू द्या, मग इंग्रजीत विचारा. आणि खरं सांगायचं तर इंग्रजी बोलणारा माणूस अशा वेळी बहुधा ‘इट्स माय टिफिन’ म्हणतो.

हा ‘इट’ मुलांच्या वह्यांत फार कमी दिसतो, त्याचं कारण ‘ते’. मराठीत ‘ते पुस्तक दे’ यातला ‘ते’ आणि ‘ते फाटलंय’ यातला ‘ते’ एकच. इंग्रजीत पहिला दॅट, दुसरा इट. ‘तो’ आणि ‘ती’ त्याहून फसवे, ‘ती टोपली जड आहे, ती खाली ठेव’ याचं इंग्रजी करताना टोपलीला ‘शी’ म्हणणारी मुलं असतात. मी मुलांना बोटाची खूण सांगते. एखादी वस्तू बोटानं दाखवायची असेल तर दिस, दॅट, दीज, दोज. कशाबद्दल बोलतोय हे दोघांना कळलं, की बोट खाली. बोट खाली गेलं की एक असेल तर इट, अनेक असतील तर दे. ‘व्हॉट आर दोज?’ बोट वर. ‘दे आर पॅरट्स.’ बोट खाली. पोरं खरंच बोट वर-खाली करत बोलतात, आणि महिनाभरात बोट न हलवता बोलू लागतात.

आता भाच्याच्या वडिलांकडं येऊ. ‘हे माझे वडील आहेत’, ‘ह्या आमच्या बाई’, ‘ते सरपंच आहेत’. मराठीत मोठ्या माणसाला आपण अनेकवचनानं मान देतो. माणूस एक, शब्द अनेकांचा. इंग्रजीत या शब्दांतून मान देण्याची पद्धतच नाही. वडील एक, म्हणून ‘दिस इज माय फादर’. सरपंच एक, म्हणून ‘दॅट इज द सरपंच’. भाच्याला मी म्हटलं, “माणसं मोज, मान मोजू नकोस.” त्यावर त्यानं विचारलं, “मग इंग्रजीत बाबांना ‘हा’ म्हणायचं? वाईट नाही दिसत?” मला ही शंका फार आवडली. त्याला सांगितलं की इंग्रजीत मान सर, मॅडम, प्लीज अशा शब्दांतून आणि बोलण्याच्या सुरातून जातो, ‘दिस’ म्हटल्यानं बाबांचा मान जात नाही. ही गोष्ट लहानपणीच सांगावी, नाहीतर पोरं वाक्य बरोबर लिहितात पण मनात खटकत राहतं. एक मात्र आहे, ओळख करून देताना ‘दिस इज’ चालतं, पण समोर उभ्या माणसाकडं बोट दाखवून नुसतं ‘दॅट’ म्हणणं इंग्रजीतही उद्धटच वाटतं.

‘आहे’ तिथं इज, ‘आहेत’ तिथं आर, ही खूण मी मुलांना देते, ती बरीच कामाला येते. ‘ही वही आहे’, ‘ही पुस्तकं आहेत’, वाक्याचं शेपूट ऐकलं की संख्या कळते. पण मान देताना ती फसते, आणि आणखी एका ठिकाणी फसते: तांदूळ, गहू, पैसे, केस. ‘हे तांदूळ जुने आहेत’, ‘हे गहू निवडायचे आहेत’, ‘हे पैसे ठेव’. मराठीत ही सगळी अनेकं. इंग्रजी त्यांना मोजतच नाही, ढिगाला ढीग म्हणून एकच धरतं. म्हणून दिस राइस, दिस व्हीट, दिस मनी, दिस हेअर. ‘दीज मनीज’ नाही. शेंगदाणे, मिरच्या, वांगी मात्र इंग्रजीतही मोजली जातात, त्यांना दीज. न्यूज शब्दाला शेवटी ‘ज’ आहे म्हणून मुलं ‘दीज न्यूज’ लिहितात, ती बातमी एकच, म्हणून दिस.

उलट दिशेचे शब्दही आहेत. ‘ही कात्री’ एकच, इंग्रजीत मात्र ‘दीज सिझर्स’, कारण पाती दोन. ‘ही पँट’ एक, इंग्रजीत ‘दीज ट्राउझर्स’, कारण पाय दोन. या शब्दांची यादी पाठ करायला देऊ नये. घरात कात्री हातात आली की म्हणावं, तांदूळ निवडायला बसलं की म्हणावं. दोन-तीन वर्षांत ते आपोआप बसतात.

वेळेच्या बाबतीत मुलांना ‘ह्या’ आणि ‘त्या’ पुन्हा फसवतात, ते वर आलंच. ‘ह्या वर्षी’ म्हणजे दिस इयर, ‘त्या दिवशी’ म्हणजे दॅट डे, कारण वर्ष एक, दिवस एक. ‘त्या दिवसांत’ असेल तरच दोज डेज. आणि आपल्या ‘महिन्यात’ मधल्या ‘त’चं मुलं ‘इन’ करतात, ‘इन दिस मंथ’. तो ‘इन’ गाळावा, नुसतं ‘दिस मंथ’ पुरतं.

उच्चाराबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिनंच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. दिस आणि दीज मुलांना सारखेच ऐकू येतात, आणि सारखेच ऐकू आले तर सारखेच लिहिले जातात. दोन्हींत दोन फरक आहेत. दिसचा इकार आखूड, दीजचा ओढलेला. आणि दिसच्या शेवटी ‘स’, दीजच्या शेवटी ‘आवाज’ शब्दातला शेवटचा ज, ‘जीव’मधला नव्हे. मुलांना गळ्याला बोटं लावायला सांगा. ‘स’ म्हणताना गळा शांत राहतो, ‘दीज’च्या ‘ज’ला भुंगा गुणगुणल्यासारखा थरथरतो. दोजलाही थरथरतो. पोरांना हे करून पाहायला फार मजा येते आणि कानाला फरक कायमचा कळतो. सुरुवातीच्या ‘द’साठी जिभेचं टोक दातांच्या मध्ये आणायचं असतं, पण आपला ‘द’ त्याच्या जवळच आहे, त्यावर पहिल्या वर्षी वेळ घालवू नये.

भाच्यानं पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘माय फॅमिली’ लिहिलं. या वेळी त्यात आबाही होते, म्हणजे त्याचे आजोबा, ओट्यावर पेपर वाचत बसणारे. त्यानं लिहिलं, ‘दिस इज माय ग्रँडफादर अँड दीज आर हिज ग्लासेस.’ मराठीत ‘हे आबा आणि हा चष्मा’, इंग्रजीत बरोबर उलटं: हे तिथं दिस, हा तिथं दीज. त्यानं ते आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. आबांनी चष्मा काढून हातात धरला, उलटसुलट करून पाहिला.

“मना चष्मा ते एकच शे ना रे?”

भाच्यानं चष्म्याच्या एका काचेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

“काचा दोन शेतस, आबा.”